डाळ शिजते ते पाणी

पहाटे साडेपाच. यवतमाळहून निघण्याआधी बाटल्या पेटीत लावते. फ्लोराइड आणि नायट्रेटसाठी प्लॅस्टिकच्या, जंतुतपासणीसाठी निर्जंतुक केलेल्या वेगळ्या. सोबत बर्फ, पाणीपातळीची टेप, पीएच आणि विद्युतवाहकता मोजायची यंत्रं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजली जाते. मेमध्ये पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं आणि गाव बोअरवर येऊन पडलेलं असतं. म्हणून हीच फेरी मला महत्त्वाची वाटते.

सात. आर्णीत, नागपूर-तुळजापूर महामार्गावरच्या टपरीवर चहा. ऊन चढायच्या आत लांबची गावं उरकायची, हे ड्रायव्हरकाका न सांगताच ठरवतात.

साडेसात. पहिली विहीर. टेप सोडायची, ओली खूण वाचायची, काठाची उंची वजा करायची. दहा मिनिटांचं काम. विहिरीला लागूनच उकिरडा आहे. तो नकाशावर टिपते. शेणखताचं आणि युरियाचं नायट्रेट अशाच उथळ विहिरीत उतरतं. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम.

नऊ. गावाची बोअर. जलसुरक्षक पंपघराची किल्ली घेऊन उभा. पाइपात साचलेलं शिळं पाणी निघून जाईपर्यंत पंप चालवावा लागतो. यंत्रावरचा आकडा स्थिर झाला की मगच नमुना. मेमध्ये एवढं पाणी वाया घालवणं कुणालाच पाहवत नाही, म्हणून बाया हंडे लावून ठेवतात आणि मला बरं वाटतं. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळते, काठोकाठ भरते, तिथेच चिठ्ठी लावते.

एक आजी म्हणतात, “बाई, त्या हिरीच्या पान्यात दायच शिजत नाही. हे पानी कसं गोड हाये.”

माझी सगळी काळजी या एका वाक्यात आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की तूरडाळ शिजत नाही. पण तेच कॅल्शियम फ्लोराइडला बांधून खाली बसवतं. खोल खडकात वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्यातलं कॅल्शियम कमी होतं, सोडियम वाढतं आणि फ्लोराइड मोकळं राहतं. असं पाणी मऊ लागतं, डाळ छान शिजते. फ्लोराइडला ना वास, ना रंग, ना चव. उकळून ते जात नाही. पाणी आटतं, फ्लोराइड तेवढंच राहतं.

यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्टचा. पूर्वेला पांढरकवडा, झरी जामणीकडे चुनखडक आणि त्याहून जुने खडक वर येतात. पांढरकवडा भागातल्या फ्लोराइडवर ‘करंट सायन्स’मध्ये 2007 साली शोधनिबंध आला होता. बेसॉल्टच्या गावातही बोअर जसजशी खोल जाते, तसतसं तपासल्याशिवाय त्या पाण्याची खात्री देता येत नाही.

अकरा. देवळाच्या सावलीत पोरं खेळतायत. दातांवर तपकिरी पट्टे दिसतात का, नजर जातेच. मोठ्यांच्या दातांवर खर्ऱ्याचे डाग असतात, ते वेगळे. पोरांचे कायमचे दात घडतात ते साधारण आठव्या वर्षापर्यंत. त्या वयात प्यायलेलं पाणी पुढे आयुष्यभर दिसतं. निदान डॉक्टरांनी करायचं. मी फक्त वहीत ओळ लिहिते आणि आरोग्य केंद्राला कळवते.

एक. लिंबाखाली डबा. गावातल्या प्रशिक्षित ताई त्यांचं तपासणी किट उघडतात. द्रावण टाकलं की नमुना गुलाबी राहतो किंवा पिवळ्याकडे झुकतो; जेवढं पिवळं तेवढं फ्लोराइड जास्त. रंग वाचण्यात त्यांचा हात बसलेला आहे. जल जीवन मिशनमध्ये दर गावात पाच बायकांना हे शिकवायचं ठरलं, तो निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

साडेपाच. यवतमाळची प्रयोगशाळा. जंतूंचे नमुने आधी आत. ते 24 तासांच्या आत लावावे लागतात. फ्लोराइड इलेक्ट्रोडवर मोजलं जाणार. भारतीय मानकात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं.

सात. नोंदवही. गावाचं नाव इथे लिहीत नाही. अहवाल आधी गावाच्या हातात पडायला हवा. आकडा वर गेला तर माझी शिफारस ठरलेली: त्या बोअरच्या तोटीला लाल रंग, तिचं पाणी धुण्या-भांड्यांना, पिण्यासाठी उकिरडा हटवून, क्लोरिन टाकून, तपासलेली उथळ विहीर किंवा धरणाच्या पाण्याची योजना. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची ‘नलगोंडा’ पद्धत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनेच विकसित केली. पद्धत चांगली आहे, पण ती रोज, मापाने करणारा माणूस लागतो. तो नसेल तर आणखी खोल बोअर मारून प्रश्न वाढवू नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

गावच्या प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतुतपासणी दोनदा व्हायला हवी. तुमच्या ग्रामपंचायतीत जा आणि या वर्षीचा अहवाल मागा. त्यात फ्लोराइडचा रकाना रिकामा असेल, तर तो भरून मागा.