गोरखचिंच नात्याने कुणाची?

कार्ल लिनियसने आंबा, द्राक्ष, बटाटा आणि कॉफी यांना एकाच गटात बसवले होते. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पीशीज प्लँटारम’मध्ये पुंकेसरांच्या संख्येवर आणि रचनेवर त्याने वनस्पतींचे २४ वर्ग पाडले आणि बरेचसे पोटगट स्त्रीकेसरांवरून केले. अनोळखी झाड ओळखायला ही युक्ती फार सोयीची, नाते सांगायला मात्र कुचकामी. लिनियसलाही ते ठाऊक होते. नैसर्गिक गटांची एक अपुरी यादी त्याने आधीच करून ठेवली होती.

नात्याचा एक मोठा धागा इंग्लंडच्या जॉन रेने १६८२ मध्येच पकडला होता. हरभरा भरडला की दोन डाळी होतात, ज्वारीच्या होत नाहीत. द्विदल आणि एकदल ही विभागणी याच फरकावर उभी राहिली.

एकच अवयव मोजण्याला खरा विरोध मिशेल अ‍ॅडॅन्सनने केला. सेनेगलमध्ये काही वर्षे काढून आलेल्या या फ्रेंच अभ्यासकाने १७६३ मध्ये मांडले की वनस्पतीचे सगळे अवयव पाहूनच तिचे कुल ठरवावे. १७८९ मध्ये आन्त्वान लॉराँ द जुस्यूने त्यावर दुरुस्ती केली: सगळी लक्षणे सारख्या वजनाची नसतात, जी सहसा बदलत नाहीत ती भारी. त्याने शंभर कुले पाडली.

अ‍ॅडॅन्सनने सेनेगलमध्ये अभ्यासलेल्या बाओबाबला लिनियसने ‘अ‍ॅडॅन्सोनिया’ हे नाव दिले. हीच मध्य प्रदेशातल्या मांडूची गोरखचिंच. फळातला गर आंबट म्हणून लोकांनी तिला चिंच म्हटले. खरी चिंच मात्र शेंगांच्या कुलातली, म्हणजे इंदूरच्या सांवेर रोडलगतच्या शेतांतल्या सोयाबीनची आणि हरभऱ्याची नातलग. गोरखचिंचेच्या फुलात पुंकेसर खाली जुळून त्यांची नळी होते, तशीच नळी जास्वंद, भेंडी आणि कपाशीच्या फुलातही असते. बेंथम आणि हूकर यांनी (१८६२–८३) तिला याच भेंडी-कपाशीच्या कुलात ठेवले. पुढे काटेसावरीबरोबर तिचे कुल वेगळे काढले गेले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनएच्या आधारे ती पुन्हा माहेरी आली.

कपाशीच्या घरातले भांडण वेगळेच होते. पानाची खाच किंवा फुलाचा रंग जरा बदलला की अभ्यासक नवी जाती मांडत. इंदूरमध्ये १९२४ साली स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’त कपाशीचे अभ्यासक जोसेफ हचिन्सन १९३३ ते १९३७ या काळात होते. त्यांनी आशिया-आफ्रिकेतली लागवडीची देशी कपाशी दोनच जातींत आणली. पात्याला, म्हणजे कळीला, कवटाळणारी, लांबट त्रिकोणी हिरवी छदे असली की आर्बोरियम. ती पसरट आणि दातेरी असली की हर्बेशियम. दोघींची गुणसूत्रे २६, तर अमेरिकन कपाशीची ५२. म्हणूनच देशी आणि अमेरिकन यांचा संकर झाला, तरी त्या झाडाला सहसा बी धरत नाही.