सीबीआर इथे चालत नाही!

केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. पहिलं टायट्रेशन ९.८, दुसरं ९.८ आणि तिसरं तर करायच्या आधीच ९.८! सीबीआर मिळाला, सही झाली, कँटीन गाठलं. जर्नलमध्ये हे खपून जातं. पण हीच सवय घेऊन तुम्ही सांडपाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागलात तर?

केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, एन्व्हायर्न्मेंटल सायन्सवाल्यांसाठी हे करिअर आहे. काम वरवर ओळखीचंच. कारखान्याचं किंवा एसटीपीचं पाणी आणायचं आणि सीओडी, बीओडी काढायचा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण फस्त करताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. आपल्याकडे त्यासाठी बाटल्या २७ अंशांना तीन दिवस ठेवतात. (गुरुवारी लावलेल्या बाटल्यांचं रीडिंग घ्यायला रविवारी कुणीतरी यावंच लागतं, हे मुलाखतीत सांगत नाहीत.) नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडीची सर्वसाधारण मर्यादा आहे लिटरमागे ३० मिलिग्रॅम. त्यामुळे रिपोर्टवर २८ लिहिलंय की ३४, यावर कारखान्याचं आणि नदीकाठच्या गावाचं बरंच काही ठरतं.

मग या आकड्यावर विश्वास का ठेवायचा? त्यासाठी असते एनएबीएलची मान्यता, आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या मानकानुसार. ही मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, चाचणीनिहाय मिळते. पीएच आणि सीओडीसाठी मान्यता असलेल्या लॅबला बीओडीसाठी ती असेलच असं नाही. हा 'स्कोप' एनएबीएलच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतो. जॉइन होण्याआधी बघाच.

खरी गंमत पुढे आहे. बीओडीची पद्धत नीट चालतेय का, हे तपासायला ग्लुकोज आणि ग्लुटामिक ॲसिडचं ठरलेलं द्रावण वापरतात. पाच दिवस, २० अंशांच्या पद्धतीत त्याचं अपेक्षित उत्तर १९८ आणि त्यात ३०.५ इतकं इकडेतिकडे मान्य! घटक माहीत असूनही एवढा फरक. त्यामुळे दर वेळी बरोब्बर १९८ लिहिणारा ॲनालिस्ट दिसला, की असेसरच्या भुवया वर जाणारच.

दुसरी परीक्षा प्रोफिशियन्सी टेस्टिंगची. एकच नमुना अनेक लॅबना जातो आणि तुमचं उत्तर इतरांच्या तुलनेत कुठे बसतं ते 'झेड स्कोअर'वरून कळतं. दोनच्या आत असाल तर ठीक, तीन किंवा त्यापुढे गेलात तर नापास. अशा वेळी ओळखीच्या लॅबला फोन लावून 'तुमचं किती आलं रे?' विचारायचा मोह होतो. त्याला सक्त मनाई आहे. आणि खरं तर नापास होण्यासारखं मार्गदर्शन नाही. इन्क्युबेटरचं तापमान, डायल्यूशनचं पाणी, पिपेटचं कॅलिब्रेशन, सगळं खणून काढावं लागतं आणि नेमकं कारण हाती लागतं.

छोट्या लॅब मात्र घाईत सल्लागाराकडून तयार क्वालिटी मॅन्युअल घेतात, फक्त नाव बदललेलं. असेसरने दोन प्रश्न विचारले की पितळ उघडं पडतं. त्यापेक्षा मूळ कागद वाचा ना! एनएबीएलची मार्गदर्शक कागदपत्रं आणि भारतीय मानकं, दोन्ही ऑनलाइन फुकट मिळतात. बीओडीसाठी आयएस ३०२५ चा भाग ४४ शोधा. आणि लॅबमध्ये पहिल्या दिवशी चहा झाला, की कंट्रोल चार्ट बघायला मागा. त्यावरचे ठिपके थोडे वरखाली नाचत असतील, तर लॅब बरी आहे.