श्वानाचे भावाविष्कार : पुच्छचलनाचा अर्थ

खुशामतीला मराठीत ‘लांगूलचालन’ म्हणतात, आणि भिऊन माघार घेण्याला ‘शेपूट घालणे’. कुत्र्याच्या शेपटीवरून त्याचे मन कळते, हा जुना समज या दोन्ही शब्दप्रयोगांच्या मुळाशी आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु ‘शेपूट हलते आहे, त्याअर्थी कुत्रा आनंदात आहे’ हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष शास्त्रीय कसोटीस उतरत नाही. या विषयाचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे इष्ट होय. कुत्रा आपली भावावस्था कोणत्या खुणांनी प्रकट करतो, हा पहिला. आणि त्या खुणांवरून पाहणाऱ्याने काय अनुमान करावे, हा दुसरा.

पहिल्या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी चार्ल्स डार्विनने मानव व पशू यांच्या भावाभिव्यक्तीवरील आपल्या ग्रंथात केली. हा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सांगितलेल्या तीन तत्त्वांपैकी दुसरे तत्त्व विरोधाचे आहे आणि त्याचे प्रमुख उदाहरण कुत्र्याचेच आहे. शत्रुभावाने चालून येणारा कुत्रा ताठ चालतो. त्याची शेपटी उभारलेली, मानेवरील केस पिंजारलेले, कान पुढे रोखलेले व नजर स्थिर असते. तोच कुत्रा समोरची व्यक्ती आपला धनी आहे हे ओळखताच क्षणार्धात पालटतो. अंग खाली झुकते व लवते, शेपटी खाली येऊन दोन्ही बाजूंस हलू लागते, केस बसतात आणि कान मागे पडतात. डार्विनच्या मते या दुसऱ्या पवित्र्यातील हालचालींचा कुत्र्यास प्रत्यक्ष उपयोग काहीच नाही. त्या पहिल्या पवित्र्याच्या नेमक्या उलट आहेत, म्हणूनच त्या स्नेहाच्या द्योतक ठरतात. यावरून असे दिसते की, अर्थ एकट्या शेपटीत नसून सर्व शरीराच्या ठेवणीत असतो.

शेपटी हलणे हे मुख्यतः उद्दीपनाचे लक्षण आहे. उद्दीपन सुखाचे आहे की रोषाचे वा भयाचे, हे इतर अंगांवरून ठरवावे लागते. आनंदी कुत्र्याचे शरीर सैल असते, तोंड किंचित उघडे असते आणि शेपटीच्या रुंद हेलकाव्यांबरोबर पार्श्वभागही डोलतो. रोषात शेपटी उंच व ताठ राहून तिचे टोक थोड्या अंतरात जलद थरथरते आणि शरीराचा भार पुढील पायांवर येतो. भ्यालेला कुत्राही शेपटी हलवतो; पण ती खाली पडलेली वा पोटाशी ओढलेली असते. तो अंग चोरतो, तोंड फिरवतो, वारंवार ओठ चाटतो. ज्या जातींत शेपटी पाठीवर वळलेली असते, त्यांच्या बाबतीत शेपटीच्या उंचीचा अर्थ त्या कुत्र्याच्या नेहमीच्या ठेवणीशी ताडूनच लावला पाहिजे.

खेळाच्या प्रसंगी पुढील पाय पसरून व मागील भाग उंच ठेवून कुत्रा जो नमस्कारासारखा पवित्रा घेतो, तो निःसंदिग्ध खुणेचे चांगले उदाहरण आहे. मार्क बेकॉफ यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, गैरसमज होऊ शकेल अशा चाव्याच्या अगोदर व नंतर हा पवित्रा विशेषत्वाने येतो. ‘हे भांडण नव्हे, खेळ आहे’ असा त्याचा आशय मानता येतो.

पुच्छचलनाच्या दिशेचाही अभ्यास झाला आहे. क्वारांता, सिनिस्काल्की व वालोर्तिगारा या इटालियन संशोधकांनी २००७ मध्ये ३० कुत्र्यांची पाहणी केली. मालक दिसताच शेपटीचा झोक कुत्र्याच्या स्वतःच्या उजव्या बाजूस अधिक जाई, तर अपरिचित व वर्चस्व गाजवणारा कुत्रा दिसता डाव्या बाजूस. शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण मेंदूचा डावा गोलार्ध करतो व जवळ जाण्याच्या प्रवृत्तीशी त्याचा संबंध जोडला जातो. उजव्या गोलार्धाचा संबंध माघारीच्या प्रवृत्तीशी जोडला जातो. २०१३ च्या पुढील प्रयोगात ४३ कुत्र्यांना अशा हालचालींची चलच्चित्रे दाखविली असता, डावीकडे झुकणारी शेपटी पाहताना त्यांचे हृदयस्पंदन वाढले व अस्वस्थता दिसून आली. म्हणजे मनुष्याच्या ध्यानीही न येणारा हा भेद कुत्र्यांना जाणवतो.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र मनुष्याची बाजू लंगडी पडते. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी न्यूयॉर्क येथे १४ कुत्र्यांवर केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला असो वा नसो, त्याच्या ‘अपराधी’ मुद्रेत फरक आढळला नाही. ती मुद्रा मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होती. ज्याने खाऊला तोंडही लावले नव्हते, अशा कुत्र्यास रागे भरले असता ती अधिकच ठळक दिसली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात याहून गंभीर गोष्ट आढळली : दात दाखवणारा क्रुद्ध कुत्रा पुष्कळ मुलांना हसरा वाटला.

या चुकांची किंमत दोन्ही पक्षांना मोजावी लागते. भयालाच अपराधाची कबुली समजले, की निरपराध जनावरास शिक्षा होते. रोषालाच हास्य समजले, की मूल चावले जाते. म्हणून निरीक्षकाने एक अवयव नव्हे, तर सर्व शरीर, आणि केवळ शरीर नव्हे, तर त्यामागील प्रसंगही पाहिला पाहिजे. शेपटी ही त्या वाक्यातील क्रियापद मानली, तरी कर्ता व कर्म कळल्यावाचून वाक्याचा अर्थ लागत नाही.