पंधरावे ऑलिम्पिक कोणत्या साली?

आधुनिक ऑलिम्पिक १८९६ साली अथेन्सला सुरू झाले. मग १९००, १९०४, १९०८... दर वेळी चाराची भर. अशा रांगेला अंकगणिती श्रेढी म्हणतात.

पंधरावे ऑलिम्पिक कधीचे? पहिल्यापासून पंधराव्यापर्यंत उड्या चौदा, पंधरा नव्हेत! पहिले पद तर हातातच असते. परीक्षेत मार्क जातात ते बहुधा इथेच. चौदा चोक छप्पन्न; १८९६ + ५६ = १९५२. हेच ते हेलसिंकी, जिथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले.

पंधराऐवजी कोणताही क्रमांक 'न' घ्या: न-वे पद = पहिले पद + (न − १) × फरक. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही (११५०) हाच नियम आहे. आपल्या रांगेसाठी तो आटोपशीर होतो: १८९२ + ४न. ताळा करा: न = ३३ घेतल्यास २०२४, म्हणजे पॅरिस.

महायुद्धांमुळे १९१६, १९४० आणि १९४४ च्या स्पर्धा झाल्याच नाहीत, पण त्यांचे क्रमांक राखून ठेवले, म्हणून सूत्र टिकले. बत्तिसावे, टोकियोचे, कोरोनामुळे २०२१ मध्ये भरले. नावात मात्र २०२०च राहिले.