ब्लास्टचा निकाल हाताळायचा कसा?

लॅबमधली एक ज्युनिअर ब्लास्ट या सिक्वेन्स-जुळणी शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या टेक्स्ट फाइलमधून ई-व्हॅल्यू शोधायला ओळी मोजत बसली होती. तिला असे निकाल वाचणारं बायोपायथनचं सर्चआयओ हे मॉड्यूल दाखवलं.

रचना डब्यात डबा अशी. क्वेरीरिझल्टमध्ये हिट, म्हणजे जुळलेला सिक्वेन्स; हिटमध्ये एचएसपी, म्हणजे प्रत्यक्ष जुळलेला पट्टा. ब्लास्टची ई-व्हॅल्यू मिळते एचएसपीवर, कारण एकाच हिटशी अनेक ठिकाणी जुळणी होऊ शकते.

क्वेरीरिझल्टमधून हिट क्रमांकाने काढा, नाहीतर थेट आयडीने. दोन्ही चालतं.

खरी खुबी पुढे आहे. ब्लास्ट १ पासून मोजतं, सर्चआयओ ० पासून. स्ट्रँड उलटा असला तरी स्टार्ट कधीच एंडपेक्षा मोठा नसतो. दिशा वेगळी नोंदवलेली असते. हे नियम इतर शोध-प्रोग्रॅमच्या निकालांनाही तेच. म्हणून उद्या ब्लास्टऐवजी ब्लॅट वापरलं, तरी कोडचा सांगाडा तोच राहतो.