अडलेला शब्द कसा सोडवावा?



दिवाळीच्या सुट्टीत मामाने मला एक इंग्रजी कादंबरी आणून दिली. तिचं नाव 'द लायटनिंग थीफ', म्हणजे विजेचा चोर. रिक रायर्डन या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली. ग्रीस देशातल्या प्राचीन पुराणकथांवर ती रचलेली आहे. देवांचा राजा झ्यूस याचं वज्र चोरीला जातं आणि आळ येतो पर्सी नावाच्या बारा वर्षांच्या मुलावर. गोष्ट तर फक्कड! पण पहिल्या दोन पानांतच मला अठरा शब्द अडले. मी पुस्तक मिटलं आणि ट्रंकेत टाकलं. मामाने विचारलं तेव्हा "वाचतेय" असं खोटंच सांगितलं.

शेवटी राहवेना म्हणून बाईंना खरं काय ते सांगितलं. बाई म्हणाल्या, "अगं, अडलेला शब्द नुसता पाठ करू नकोस. आधी उकलून बघ." त्या दिवसापासून मी जसं केलं ते इथे लिहिते.

पहिली गोष्ट, शब्द अडला तरी थांबायचं नाही. परिच्छेद संपेपर्यंत वाचायचं आणि अंदाज बांधायचा. शब्द चिठ्ठीवर उतरवून ठेवायचा. दिवसाला पाचच शब्द घ्यायचे, हावरटपणा करायचा नाही.

दुसरी गोष्ट, शब्द फोडून बघायचा. पहिल्याच प्रकरणाच्या नावात 'व्हेपराइझ' हा शब्द आहे. 'व्हेपर' म्हणजे वाफ. म्हणजे वाफ करून टाकणे! पर्सी आपल्या गणिताच्या बाईंची वाफ करून टाकतो. (घाबरू नका, त्या खऱ्या बाई नसून राक्षसीण असते.) 'मिनोटॉर' या राक्षसाच्या नावात दोन शब्द आहेत. मिनॉस हा क्रीट बेटाचा राजा आणि 'टॉरस' म्हणजे बैल. वृषभ राशीला इंग्रजीत टॉरसच म्हणतात. धड माणसाचं आणि डोकं बैलाचं, असा तो राक्षस.

फोडता फोडता ओळखीचेही शब्द भेटतात. समुद्राचा देव पोसायडन, त्याच्या हातात 'ट्रायडेंट' असतो. 'ट्राय' म्हणजे त्रि आणि 'डेंट' म्हणजे दात, आपला दंत! तीन दातांचं हत्यार, म्हणजे त्रिशूळ. 'इम्मॉर्टल' म्हणजे जो मर्त्य नाही तो, अमर. जखमा भरून याव्यात म्हणून पर्सीला देवांचं अन्न देतात, त्याचं नाव 'अँब्रोशिया'. हा शब्द आणि आपला 'अमृत' हा शब्द एकाच मुळातून आले आहेत. बाईंनी सांगितलं की ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत या एकाच भाषाकुळातल्या भाषा आहेत. म्हणून असे भाऊबंद सापडतात.

पण सावध! सारखा दिसणारा प्रत्येक शब्द नात्यातला नसतो. एस-ए-टी-वाय-आर हा शब्द मी 'सत्यर' असा वाचला आणि सत्य बोलणारा असेल असं धरून चालले. पुढे वाचते तर त्याला बोकडाचे पाय आणि तो पत्र्याचे डबे चावतोय! शब्दकोशात पाहिलं तेव्हा कळलं, उच्चार 'सॅटर' आणि अर्थ अर्धा माणूस, अर्धा बोकड. म्हणून तिसरी गोष्ट, अंदाज बांधल्यावर शब्दकोश उघडायचाच.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. शिकलेला शब्द वापरून कुणाला तरी गोष्ट सांगायची. माझी आई चौथीपर्यंत शिकली, तिला इंग्रजी येत नाही. रात्री भाकऱ्या थापताना ती विचारायची, "आज कुठवर आली गं तुझी गोष्ट?" एकदा मी सांगितलं, "पर्सी 'अंडरवर्ल्ड'मध्ये जातो, म्हणजे पाताळात." आई म्हणाली, "पाताळात तर नाग राहतात, बळीराजा राहतो. तुझ्या गोष्टीत तिथं कोण आहे?" मी म्हटलं, "मेलेली माणसं." आई म्हणाली, "मग ते पाताळ कसं? तो यमलोक झाला!"

मी पुन्हा ते पान काढलं. आईचंच बरोबर होतं. 'अंडर' म्हणजे खाली आणि 'वर्ल्ड' म्हणजे जग, एवढं फोडून मी थांबले होते. तिथला राजा हेडीस हा मेलेल्यांचा राजा, आपल्या यमासारखा. इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या माझ्या आईने माझी इंग्रजीतली चूक दुरुस्त केली.

आणखी एक गंमत सांगते. या पर्सीलाच वाचताना अक्षरं नाचल्यासारखी दिसतात. लेखकाच्या मुलालाही वाचायला अवघड जायचं. त्याच्यासाठी रात्री झोपताना सांगितलेल्या गोष्टींतूनच ही कादंबरी तयार झाली. हे कळलं आणि मला अठरा शब्दांची लाज वाटेनाशी झाली. मामालाही मी खरं ते सांगून टाकलं. आता निम्मं पुस्तक वाचून झालंय.

मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही एक वही घाला. आणि पालकहो, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही. रोज संध्याकाळी फक्त एवढंच विचारा, "आज कुठवर आली गोष्ट?"

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी