पोर्टल भरणारे गुरुजी, पोर्टल वाचणारी मुलं

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींसमोर ‘पोर्टल’ हा शब्द काढून बघा. सरल, यू-डायस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, शिवाय वरून ‘आजच्या आज भरा’ असा निरोप. पुणे जिल्ह्यातल्या आंदर मावळात किंवा पवन मावळात जुलैच्या पावसात वीज गेलेली, रेंज नाही, आणि माहिती मात्र संध्याकाळच्या आत हवी. संकेतस्थळ म्हणजे खालून वर माहिती ढकलायचं यंत्र, एवढीच त्याची ओळख गेल्या दहा वर्षांत शिक्षकाला झाली आहे. त्याच यंत्रातून माहिती खालीही येते, आणि ती थेट नागरिकशास्त्राच्या तासाला वापरता येते, हे त्याला शिकवायला कुणाला सवड झालेली नाही.

वास्तविक सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. २००५च्या माहिती अधिकार कायद्याचं नाव निघालं की आपल्याला दहा रुपयांचा अर्ज आठवतो. पण त्यातलं चौथं कलम सांगतं की अर्जाची वाट न पाहता कार्यालयांनी आपली माहिती स्वतःहून जाहीर करावी, आणि त्यासाठी १७ बाबींची यादीही दिलेली आहे. शासन निर्णय, सातबारा, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं आणि ग्रामपंचायतीचा जमाखर्च आज घरबसल्या दिसतो.

यात शाळेच्या अगदी जवळचं एक संकेतस्थळ म्हणजे ई-ग्रामस्वराज. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली, म्हणून तो दिवस पंचायत राज दिन. २०२०मध्ये त्याच दिवशी हे संकेतस्थळ सुरू झालं. आधी आराखडा एका ठिकाणी, हिशेब दुसऱ्या ठिकाणी अशी विभागणी होती, ती इथे एकत्र आली. राज्य निवडायचं, पुणे जिल्हा परिषद, मावळ पंचायत समिती, मग आपलं गाव आणि आर्थिक वर्ष. पडद्यावर त्या वर्षाच्या आराखड्यातली कामं येतात, प्रत्येकासमोर अंदाजित रक्कम. दुसरीकडे किती निधी आला आणि किती खर्ची पडला ते.

आता सहावीचं नागरिकशास्त्राचं पुस्तक बघा. ग्रामपंचायतीत किमान ७ आणि जास्तीत जास्त १७ सदस्य असतात, हे वाक्य महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना पाठ आहे. परीक्षेत ते येतं, गुण मिळतात, विषय संपतो. आपल्या पंचायतीत प्रत्यक्षात किती सदस्य आहेत, हे मात्र पाठ म्हणणाऱ्यालाच बरेचदा ठाऊक नसतं. ‘पंधराव्याचे पैसे’ हे शब्द पारावर रोज ऐकू येतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित होती, हे कुठल्या तासाला सांगितलं जातं? आठवीतल्या मुलाला शेकडेवारी येते. आराखड्यातल्या कामांची बेरीज करून हे प्रमाण पाळलंय का, हे तो वहीत काढू शकतो. त्यात गणित आहे, नागरिकशास्त्र आहे, आणि गटाराचं काम खरंच झालंय का हे बघायला गल्लीतून चक्करही आहे.

मला मात्र सुरुवात आणखी जवळून करावीशी वाटते: शाळेच्या स्वतःच्या यू-डायस नोंदीपासून. प्रत्येक शाळेचा अकरा अंकी क्रमांक असतो. २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढचा २५ म्हणजे पुणे. वर्गखोल्या किती, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, पिण्याच्या पाण्याची काय सोय, हे शाळेनेच भरलेलं असतं आणि त्यातला बराच भाग कुणालाही पाहता येतो. मुलांनी नळ मोजावेत आणि पडद्याशी ताडून बघावेत. आकडे जुळले नाहीत तर गुरुजी अडचणीत येतील, हे खरंच. म्हणूनच हा पाठ निडर मुख्याध्यापकाच्या शाळेतच होईल.

लोणावळ्याच्या मुलांपुढचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते जास्त गमतीचा आहे. गाव नगरपरिषदेचं, भुशी धरण रेल्वेने आपल्या गरजेसाठी बांधलेलं, वळवणचं धरण टाटांचं, द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा, कार्ल्याची लेणी आणि लोहगड पुरातत्त्व खात्याकडे, आणि मध्येच नौदलाची आयएनएस शिवाजी. चिक्कीच्या दुकानापासून धबधब्यापर्यंत चालत गेलं तरी हद्दी बदलत राहतात. मतदारसंघाचंही तसंच. मावळ लोकसभा मतदारसंघात २००९पासून मावळ, चिंचवड, पिंपरी आणि घाटाखालचे कर्जत, पनवेल, उरण एकत्र आहेत. भात लावणाऱ्या नाणे मावळातल्या शेतकऱ्याचा आणि उरणच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याचा खासदार एकच. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचा नकाशा, मतदार यादी आणि उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र समोर ठेवून दहावीचा ‘निवडणूक प्रक्रिया’ हा पाठ शिकवता येतो. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार फिरणारे बरेचदा गुरुजीच असतात, तरी ती यादी वर्गात कधी उघडत नाही.

हद्दींचा हा प्रश्न नुसता गमतीचा नाही. १५ जून २०२५ रोजी मावळातल्याच कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल कुणाचा, दुरुस्ती कुणाची, निधी कुठे अडला, हे प्रश्न लोकांनी दुर्घटनेनंतर विचारले. शासन निर्णयांची आणि निविदांची संकेतस्थळं आधीही सगळ्यांना खुलीच होती. तिथे शोध घ्यायची सवय शाळेत लागली तर असे प्रश्न वेळेत विचारले जाण्याची थोडी शक्यता निर्माण होते.

पण या संकेतस्थळांची भाषा अर्धी इंग्रजी, मांडणी किचकट, आणि पान उघडेपर्यंत तास संपतो. कुणीतरी बसून त्यातून चाळीस मिनिटांचा मराठी पाठ बांधावा लागतो, आणि त्या बसण्याचा वेळ कुणीतरी द्यावा लागतो. असा वेळ कसा देता येतो, याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतली सी-स्पॅन नावाची संस्था. १९७९पासून ती तिथल्या संसदेचं कामकाज काटछाट न करता दाखवते. पैसा सरकारचा नाही, केबल कंपन्यांचा. आपल्या प्रचंड ध्वनिचित्र संग्रहाचं शाळांनी काय करायचं हा प्रश्न तिला पडला, तेव्हा तिने शिक्षकांनाच पाठ्यवृत्ती देऊ केली. निवडलेले शिक्षक उन्हाळ्याच्या सुट्टीत काही आठवडे मानधन घेऊन संस्थेबरोबर काम करतात आणि त्यांनी घडवलेलं साहित्य संकेतस्थळावर इतर शिक्षकांना फुकट मिळतं. मला यातलं मानधन महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे उपक्रमशील शिक्षकाला शाल आणि श्रीफळ मिळतं, वेळ मिळत नाही.

हे इथे अशक्य नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले, आणि २०२०मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. तिथे शिक्षकाने हौसेने सुरू केलेलं काम व्यवस्थेने उचललं. नागरिकशास्त्राच्या बाबतीत व्यवस्थेने पहिलं पाऊल टाकावं. पुणे जिल्हा परिषदेने मावळ तालुक्यातले दहा शिक्षक घ्यावेत, वर्षभर त्यांची पोर्टल भरण्याची कामं दुसऱ्याकडे द्यावीत, माफक मानधन द्यावं, आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने (डाएट) त्यांचे पाठ तपासून केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडायला लावावेत. एक अट जरूर घालावी: सातबारा दाखवायचा तर शाळेच्या जागेचा, गावातल्या कुणाचा नाही. जमिनीला सोन्याचा भाव आलेल्या मावळात वर्गातल्या मुलाच्या घरचा फेरफार फळ्यावर आणणं बरं नाही.

तोवर एक काम बाकीच्यांना करता येईल. हे वाचणारं कुणी मावळात सरपंच किंवा सदस्य असेल, तर येत्या ग्रामसभेच्या आठवडाभर आधी आपल्या गावच्या आराखड्याची छापील प्रत शाळेत नेऊन द्या आणि वरच्या वर्गातल्या मुलांना सभेला मागच्या ओळीत बसू द्या. त्यासाठी कुणाची मंजुरी लागत नाही.